राखीव प्रत आणि तिचे ठिकाण

इंटरनेट आर्काइव्ह या नावाचे एक सार्वजनिक ग्रंथालय अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी आहे. त्यातील ग्रंथ वाचकास घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर वाचावयास मिळतात. एखादे जुने मराठी पुस्तक शोधण्याच्या हेतूने जो कोणी या ग्रंथालयाच्या सूचीत शिरेल, त्याच्या असे ध्यानात येईल की, पुष्कळ पुस्तकांच्या ओळख-क्रमांकाचा आरंभ ‘इन.एरनेट.डीएलआय’ या अक्षरांनी होतो. ही अक्षरे म्हणजे एका जुन्या पत्त्याचे उलट्या क्रमाने केलेले लेखन होय. एरनेट हे भारतातील शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना जोडणारे संगणकजाळे. डीएलआय म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. या ग्रंथालयाचे सूत्रचालन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून होत असे. आज त्या पत्त्यावर ते ग्रंथालय नाही. परंतु त्याची पाटी मात्र साता समुद्रांपलीकडे पुस्तकापुस्तकावर चिकटलेली दिसते.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक राज रेड्डी यांनी दहा लक्ष पुस्तकांची पाने यंत्राने टिपून ती सर्वांस खुली करण्याचा संकल्प केला होता. त्याची भारतीय शाखा भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक एन. बालकृष्णन यांच्या पुढाकाराने उभी राहिली व २००३ साली तिचे उद्घाटन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. देशातील अनेक केंद्रांत, निरनिराळ्या ग्रंथालयांतील मराठी, संस्कृत, तेलुगू, उर्दू, इंग्रजी आदी भाषांची पुस्तके टिपली गेली. पुढे २०१७ सालच्या आरंभी कार्ल मालामुद या अमेरिकी गृहस्थांच्या खटपटीने या संग्रहातील चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हमध्ये जाऊन पोचल्या. त्याच सुमारास मूळ संकेतस्थळ बंद झाले आणि स्वामित्वहक्काच्या भंगाविषयीच्या आक्षेपामुळे सेवा थांबविली असल्याची सूचना तेथे झळकू लागली. स्वामित्वहक्काचा तो प्रश्न खरा होता, आणि तो येथे सोडवावयाचा नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, सर्व्हर जळला नव्हता, पुरात बुडाला नव्हता, चोरीसही गेला नव्हता. तरीदेखील वाचकाच्या दृष्टीने ग्रंथालय नाहीसे झाले. ज्या पुस्तकांची प्रत अन्यत्र, दुसऱ्याच्या ताब्यात व दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली होती, तीच वाचकाला उपलब्ध राहिली.

सर्व्हर म्हणजे पुष्कळांच्या मागण्या एकाच वेळी पुरविणारा संगणक. टेबलावरील संगणक एका माणसाची चाकरी करतो. सर्व्हर हा ग्रंथालयाच्या देवघेव विभागातील सेवकाप्रमाणे समोर येईल त्याला हवे ते काढून देतो. त्याच्यावरील माहितीची जी जादा प्रत संकटकाळी उपयोगी पडावी म्हणून काढून वेगळी ठेवतात, तिला बॅकअप म्हणतात. आपण तिला राखीव प्रत म्हणू. ‘राखीव’ या शब्दातच तिचे लक्षण आले आहे: जी रोजच्या वापरात आहे, ती राखीव नव्हे.

हा भेद सुशिक्षित माणसेही विसरतात. मोठ्या सर्व्हरमध्ये एकाच मजकुराची नोंद दोन चकत्यांवर एकदम करण्याची सोय असते. एक चकती बिघडली तरी दुसरी काम चालू ठेवते. ही सोय उत्तम, परंतु ती आरशासारखी आहे. कोणी चुकून एक हजार नोंदी पुसल्या, तर आरशातील नोंदीही त्याच क्षणी पुसल्या जातात. चकतीच्या बिघाडावर तो उपाय असेल, माणसाच्या चुकीवर नाही. आणि माणसाची चूक ही काही क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. गिटलॅब या संगणक-प्रणालींच्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने रात्री दमलेल्या अवस्थेत भलत्याच सर्व्हरवरील माहिती पुसावयास घेतली. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार उरले होते. कंपनीत प्रती काढण्याच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. त्यांतील मुख्य व्यवस्था कित्येक दिवस रिकामीच चालत होती, आणि तसे कळविणारी पत्रे मध्येच नाकारली जात असल्यामुळे कोणाच्या हाती पडत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढलेली होती. तिने पुष्कळ काही वाचविले. व्यवस्था पाच असणे आणि त्यांपैकी एक चालणारी असणे, यांत किती अंतर असते हे यावरून दिसेल.

प्रत कशी काढावी

चालू सर्व्हरची प्रत काढणे हे कागद उतरवून घेण्याइतके सरळ नाही. एखाद्या पेढीची खतावणी उतरवून घ्यावयाची आहे, पण पेढी बंद ठेवता येत नाही, असे समजू. कारकुनाने सकाळी दहा वाजता रामभाऊंच्या खात्याचे पान उतरविले. सव्वादहाला रामभाऊंनी पाचशे रुपये गोविंदरावांना दिले. साडेदहाला कारकुनाने गोविंदरावांचे पान उतरविले. आता उतरवलेल्या वहीत तेच पाचशे रुपये दोघांच्याही खाती दिसणार! प्रत्येक पान बिनचूक उतरले, तरी वही खोटी झाली. माहितीसंग्रहाच्या फायली तो चालू असताना नुसत्या उचलल्या तर नेमके हेच होते.

यावर उपाय आहेत. एक तर पेढी काही काळ बंद करावयाची. दुसरा उपाय असा की, एका विशिष्ट क्षणी वही जशी होती तसे तिचे दर्शन गोठवून ठेवावयाचे व नवे व्यवहार बाजूला लिहीत जाऊन त्या गोठवलेल्या दर्शनाची प्रत काढावयाची. परंतु सर्वांत सुंदर उपाय आपल्या जुन्या हिशेबपद्धतीतच दडलेला आहे. आपल्याकडे व्यवहार प्रथम रोजकीर्दीत, घडेल त्या क्रमाने लिहितात व मागाहून खतावणीत चढवितात. आधुनिक माहितीसंग्रहही तसेच करतो. प्रत्येक बदल आधी एका सलग नोंदवहीत उतरतो. रविवारची संपूर्ण खतावणी आणि तेव्हापासूनची रोजकीर्द हाती असेल, तर गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी हिशेब काय होता, हे पुन्हा मांडता येते. आणि तीन वाजून अकराव्या मिनिटाला कोणी घोटाळा केला असेल, तर त्याच्या अलीकडे थांबताही येते.

रोज संपूर्ण प्रत काढणे वेळखाऊ असते. म्हणून आठवड्यातून एकदा संपूर्ण व एरवी केवळ बदललेल्या भागाची प्रत काढण्याची वहिवाट आहे. मात्र अशा प्रती साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकींवर अवलंबून असतात. मंगळवारचे कडे हरवले, तर बुधवार-गुरुवारची असून नसल्यासारखी.

किती वेळा प्रत काढावी, याला सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. दोन गोष्टींचा निर्णय आधी केला पाहिजे: संकट आल्यास किती वेळाचे काम पुन्हा करावे लागले तरी चालेल, आणि दार किती वेळ बंद राहिले तरी चालेल. शाळेच्या हजेरीपटाचा एक दिवस गेला तर तो पुन्हा लिहून काढता येतो. बँकेचे एक मिनिटही पुन्हा लिहिता येत नाही.

काही माहिती तर कधीच पुन्हा मिळवता येत नाही. बंगळूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर ब्यालाळू गावी भारतीय अवकाश संशोधन संघटनेचे विज्ञान-माहिती केंद्र आहे. चांद्रयान-१ हे यान २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघाले आणि २९ ऑगस्ट २००९ रोजी त्याचा संपर्क तुटला. त्यावरील एका अमेरिकी उपकरणाने चंद्रपृष्ठावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे जे मापन केले, त्याच्या प्रती भारत आणि अमेरिका या दोन्ही देशांत जतन झाल्या. यान मुके झाल्यानंतर नऊ वर्षांनी, २०१८ साली, त्याच जुन्या आकड्यांचा नव्याने अभ्यास करून चंद्राच्या ध्रुवांजवळील काळोख्या विवरांत पृष्ठभागावर बर्फ असल्याचा पुरावा संशोधकांनी मांडला. २००९ साली हे आकडे ‘वापरून झाले’ म्हणून पुसले असते, तर तो पुरावा मिळण्याचा मार्गच उरला नसता.

प्रत कोठे ठेवावी

आता ठिकाणाचा विचार करू. आणि खरी गुंतागुंत येथेच आहे.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला एक सुटसुटीत संकेत संगणकक्षेत्रात सर्वत्र सांगितला जातो: माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी निदान एक दुसऱ्या ठिकाणी असावी. संकेत चांगला आहे. परंतु ‘दुसरे ठिकाण’ म्हणजे काय, हे तो सांगत नाही, आणि घात नेमका तेथेच होतो. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरांची एक इमारत १० मार्च २०२१ रोजी आगीत भस्मसात झाली. कित्येक ग्राहकांनी राखीव प्रतीचे पैसे भरले होते. पण त्यांतील काहींची प्रत त्याच आवारात होती आणि मूळ माहितीबरोबर तीही गेली. दक्षिण कोरियातील देजॉन शहरी २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती-केंद्रात विद्युत्-घटांपासून आग लागली, तेव्हा तेथील सरकारी नोकरांची ८५८ टेराबाइट कागदपत्रे नष्ट झाली. संग्रह फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. ज्या संग्रहाची प्रत ठेवणे अवजड म्हणून टाळले जाते, तोच बहुधा पुन्हा उभा करावयास सर्वांत अवघड असतो.

तेव्हा दुसरे ठिकाण असे हवे की, एकच संकट दोहोंना एकदम गाठू शकणार नाही. या दृष्टीने बंगळूरकडे पाहण्यासारखे आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, किनाऱ्यापासून दूर वसले आहे. हवा समशीतोष्ण असल्यामुळे यंत्रे थंड राखणे तुलनेने सोपे जाते. भारतीय मानक ब्यूरोने २००२ साली केलेल्या भूकंप-क्षेत्रांच्या विभागणीत ते सर्वांत सौम्य अशा दुसऱ्या क्षेत्रात होते. त्याच विभागणीत मुंबई व पुणे तिसऱ्या, दिल्ली चौथ्या, तर भुज अत्यंत धोक्याच्या पाचव्या क्षेत्रात होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला ज्या मुंबईकराने पाहिला, त्याला आपल्या वह्यांची दुसरी प्रत दख्खनच्या पठारावर ठेवावीशी वाटली, तर नवल नाही. आधार क्रमांकाची नोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणानेही आपली दोन माहिती-केंद्रे बंगळूर व हरियाणातील मानेसर या, सुमारे १७०० किलोमीटर अंतरावरील ठिकाणी उभारली.

तथापि कोणतेही शहर सर्वगुणसंपन्न नसते. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरच्या पूर्व भागातील तलावांचे पाणी रस्त्यांवर आले आणि संगणक-कंपन्यांच्या नोकरांना ट्रॅक्टरांतून कामावर जावे लागले. समुद्र दूर असला म्हणजे पूर येत नाही, असे नाही. तलाव बुजवून घरे बांधली म्हणजे डोंगरमाथ्यावरही पूर येतो. म्हणून बंगळूरच्या माणसाने आपली दुसरी प्रत म्हैसूरला ठेवली, तर ती शहराच्या पुरातून सुटेल खरी, पण पाऊस, वीज आणि राज्यातील एखादा बंद यांबाबतीत दोन्ही शहरांचे दैव पुष्कळसे एकच राहील.

मग जितके दूर तितके चांगले, असे म्हणावे काय? येथे प्रकाशाचा वेग आडवा येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते बंगळूर तारेची वाट एक हजार किलोमीटर धरली, तर संदेश जाण्यास सेकंदाचा दोनशेवा भाग व पोच घेऊन परत येण्यास तितकाच वेळ लागेल. एकूण सेकंदाचा शंभरावा भाग. हा वेळ आपल्याला क्षुल्लक वाटेल. परंतु प्रत्येक नोंद दुसऱ्या गावी पोचल्याची खात्री पटल्याखेरीज पुढची नोंद करावयाची नाही, असा नियम केला, तर एकामागून एक अशा नोंदी सेकंदाला शंभराहून अधिक होऊच शकणार नाहीत. मग यंत्र कितीही वेगवान असो. पोचेची वाट न पाहता पुढे गेल्यास वेग राहतो, पण संकटाच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी बुडतात. या पेचातून बाजारांनी मधला मार्ग काढला आहे. सेबीच्या नियमांनुसार शेअर बाजारांचे संकटकालीन केंद्र शक्यतो निराळ्या भूकंप-क्षेत्रात असावे लागते आणि ते न साधल्यास मुख्य केंद्रापासून किमान ५०० किलोमीटर दूर असावे लागते. शिवाय एकही नोंद बुडू नये म्हणून जवळच एक तिसरे ठाणे ठेवतात. जवळच्या ठाण्यात ताजेपणा, दूरच्यात सुरक्षितता.

तारेच्या रुंदीचाही हिशेब करावा लागतो. दहा टेराबाइटांचा संग्रह सेकंदाला १०० मेगाबिट वाहणाऱ्या जोडणीवरून पाठविल्यास, तार अखंड चालली तरी, आठ लक्ष सेकंद म्हणजे नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. तोच संग्रह एका चकतीवर भरून, उद्यान एक्सप्रेसने कोणी मुंबईहून निघाला, तर सुमारे चोवीस तासांत बंगळूरला पोचतो! म्हणूनच मोठ्या संग्रहांची पहिली प्रत आजही पेटीत घालून पाठविण्याची प्रथा आहे. तारेवरून जातात ते पुढचे बदल.

चुंबकीय फीत ही जुनी वस्तू आहे म्हणून तिची कीव करण्याचे कारण नाही. २०२१ साली बाजारात आलेल्या नवव्या पिढीच्या एलटीओ फितीची एक डबी १८ टेराबाइट सामावते, आणि कपाटात ठेवलेली फीत वीज खात नाही. तिचा आणखी एक गुण असा की, ती कोणत्याही तारेला जोडलेली नसते. या गुणाची किंमत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील घटनेवरून कळते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोरांनी तेथील पाच सर्व्हरांवरील माहिती कुलूपबंद करून टाकली. रुग्णांची नोंदणी पुढे कित्येक दिवस हातांनी करावी लागली. एका राखीव सर्व्हरला त्यांचा स्पर्श झालेला नव्हता, त्यावरून रुग्णनोंदी परत मिळाल्या. असे हल्लेखोर आधी राखीव प्रतच शोधून निकामी करू पाहतात. म्हणून ज्या किल्लीने मूळ दालन उघडते त्याच किल्लीने राखीव दालनही उघडत असेल, तर दोन दालने असूनही ती एकच समजावीत.

याचेच दुसरे रूप ऑस्ट्रेलियात दिसले. युनिसुपर या, सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीची माहिती गूगलच्या क्लाउडमध्ये, म्हणजे दूरच्या भाड्याच्या सर्व्हरांवर, दोन निरनिराळ्या प्रदेशांत ठेवलेली होती. मे २०२४ मध्ये गूगलच्या बाजूने झालेल्या एका चुकीमुळे ते खातेच नाहीसे झाले, आणि त्याबरोबर दोन्ही प्रदेशांतील प्रती गेल्या. निधीने आणखी एक प्रत वेगळ्याच कंपनीकडे ठेवली होती, तिने काम भागले. प्रदेश दोन असले, तरी खातेदार व घरमालक एकच होते. भारतात या निवडीला कायद्याचीही मर्यादा आहे: रिझर्व्ह बँकेने २०१८ साली काढलेल्या आदेशानुसार पैशाच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवावी लागते, तिच्याकरिता सॅन फ्रान्सिस्को कितीही सुरक्षित असले तरी उपयोगाचे नाही.

प्रतीचा ताळा

प्रत आहे, एवढ्याने भागत नाही. ती खरी आहे हे कळले पाहिजे. गुणाकार करून झाल्यावर नवाचा ताळा पाहण्याची रीत जुन्या शाळांत शिकवीत. ३७ आणि २४ यांचा गुणाकार ८८८. अंकांच्या बेरजा केल्या तर ३७ चा १ येतो, २४ चे ६ आणि ८८८ चेही ६, ताळा जमला. संगणकही प्रत्येक फायलीचा असाच एक ताळा काढतो, फक्त तो फार कडक असतो. नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही; संगणकाचा ताळा २५६ द्विमान अंकांचा असून पोथीतील एक अनुस्वार बदलला तरी सबंध पालटतो. मूळ आणि प्रत यांचे ताळे वर्षातून एकदा जुळवून पाहिले, म्हणजे कपाटात पडल्या पडल्या कुजलेली प्रत वेळीच उघडी पडते. आणि दोन प्रती जुळल्या नाहीत, तर खरी कोणती? तिसरी प्रत लागते ती येथे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती दूरदूरच्या प्रांतांतील, निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ताडून. एका पोथीवरून दुसरी उतरली असेल तर दोघींत चूक सारखीच असते आणि साक्ष एकीचीच धरावी लागते.

ताळा जमला म्हणजे मूळ चांगले होते, असे मात्र नव्हे. बंगळूरच्या संग्रहातील कित्येक पुस्तकांची पाने टिपताना गळली होती, मराठी नावे तर रोमन लिपीत अशी लिहिली गेली की मराठी माणसाला ती ओळखूही येऊ नयेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रतीत हे सारे दोष जसेच्या तसे गेले आहेत. त्या संग्रहासही संकट चुकलेले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावर हल्ला होऊन तो काही दिवस बंद होता.

एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाला हे सर्व झेपेल काय? झेपेल. आपल्या ग्रंथसूचीची व टिपून घेतलेल्या दुर्मिळ पुस्तकांची एक प्रत ग्रंथालयाच्या संगणकावर असतेच. दुसरी बाहेरच्या चकतीवर काढावी, आणि ती चकती काम झाल्यावर तारेपासून सोडवून कार्यवाहांच्या घरी किंवा शाळेच्या तिजोरीत ठेवावी. कोकणात असल्यास दमट हवेपासून जपून, बंद डब्यात. तिसरी प्रत दूरच्या गावच्या एखाद्या स्नेही ग्रंथालयाशी अदलाबदल करून ठेवता येईल: त्यांची आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. त्यात सभासदांची नावे-पत्ते असतील तर प्रत सांकेतिक करून पाठवावी. सहा महिन्यांतून एकदा, कोऱ्या संगणकावर, त्या प्रतीवरून सारा संग्रह पुन्हा उभा करून पाहावा आणि त्याला किती तास लागले ते वहीत लिहावे. हे काम दर वेळी नव्या माणसाकडे द्यावे, कारण ज्याने व्यवस्था बसविली तोच संकटाच्या दिवशी गावात असेल असे नाही. सांकेतिक प्रत उघडण्याचा परवलीचा शब्द त्याच संगणकात लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार लावून घेण्यासारखे आहे. तो कागदावर शाईने लिहून, पाकीट मोहोरबंद करून, अध्यक्षांकडे द्यावा आणि कोणाकडे दिला याची नोंद इतिवृत्तात करावी.